तुम्ही विचारलंत म्हणून: ‘डीलर किती कमी करेल?’

नवी गाडी घ्यायचं ठरलं की लोक मला हे विचारतात, आणि त्यांना एक आकडा हवा असतो. मी तो देत नाही. मग त्यांना वाटतं, मी हातचं राखून बोलतोय. तसं नाही. वेटिंग असलेल्या मॉडेलवर रुपया सुटत नाही. यार्डात तीन महिने उभ्या असलेल्या नको त्या रंगाच्या गाडीवर न मागता सुटतो. त्याहून मोठी अडचण अशी, की एका ओळीत सोडलेले पैसे दुसऱ्या ओळीत वसूल होतात. ‘चाळीस हजार कमी करून घेतले’ असं सांगणाऱ्याला मी कोटेशन दाखवायला सांगतो, आणि तिथून आमचे संबंध जरा बिघडतात.

डीलर चोर नसतो, हेही सांगून टाकतो. एक्स-शोरूम किंमत (रस्ता कर आणि विमा सोडून) कंपनी ठरवते आणि त्यात डीलरचा वाटा मोजक्या टक्क्यांचा असतो. शोरूमचं भाडं, पगार आणि उभ्या गाड्यांवरचं व्याज एवढ्यात भागत नाही. म्हणून तो विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज आणि जुन्या गाडीचा एक्सचेंज यांतून कमावतो. सूट मागण्याआधी ओळीगणिक लेखी कोटेशन मागायचं ते यासाठी. त्यावर व्हेरियंट, रंग आणि बनावटीचं वर्ष हवं, आणि ‘ऑफर’ एकगठ्ठा नको: कंपनीची किती, डीलरची किती, कॉर्पोरेट (तुमच्या नोकरीमुळे मिळणारी) किती, एक्सचेंज बोनस किती, हे वेगवेगळं.

काही ओळींवर घासाघीस करून उपयोग नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी रस्ता कर. डिझेलला दोन टक्के जास्त. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (डीलरने गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर) लागतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण ‘आरटीओ’च्या रकमेत कराबरोबर आणखी काय मिसळलंय ते विचारा आणि सरकारी पावती मागा. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’ ही नावं दिसली की ती ओळ खोडायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणणं हे डीलरचं काम आहे. ‘कंपल्सरी किट’ नावाचा प्रकार नसतो.

आता विमा. खरी झटापट इथेच होते.

तुम्ही म्हणता, विमा मी बाहेरून घेईन. सेल्सवाला ‘मॅनेजरना विचारून येतो’ म्हणून उठतो आणि मॅनेजरच येतो. पहिलं वाक्य: ‘बाहेरच्या विम्यावर कॅशलेस होणार नाही.’ हे खोटं निघण्याची शक्यता मोठी. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर वर्कशॉपला देणं, हे त्या दोघांतल्या करारावर ठरतं. कंपनीच्या यादीत त्या वर्कशॉपचं नाव आधीच बघून ठेवा. दुसरं वाक्य: ‘मग डिस्काउंट मिळणार नाही.’ हे मात्र खरं असू शकतं. विमा अमुक ठिकाणूनच घ्या अशी सक्ती विमा नियामकाच्या नियमांत बसत नाही. पण मॅनेजर सक्ती करतच नाही. तो म्हणतो, ऑफर पॅकेजची आहे. नियमाचा कागद पुढे करून इथे फारसं हाती लागत नाही.

हाती लागतं ते गणितातून. नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीचा) २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचा दर ठरलेला असतो. १००० ते १५०० सीसीला जून २०२२ च्या दराने १०,६४० रुपये अधिक जीएसटी. तो कुठेही तेवढाच. फरक पडतो एक वर्षाच्या ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि जादा कव्हरांमध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑनमध्ये. म्हणून दोन्ही कोटेशनांत आयडीव्ही सारखी ठेवा (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम; नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ८,५५,०००), अ‍ॅड-ऑन तेच ठेवा: झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेलीच तर बिलाची किंमत). किल्ली हरवण्याचं आणि टायरचं कव्हर बहुधा न विचारता घातलेलं असतं, ते काढा. जुनी गाडी विकली असेल तर तिचं नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दलच्या सूटीचं) पत्र आणा. ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत सूट तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. डीलरच्या कोटेशनमध्ये ती आपण होऊन क्वचितच येते.

समजा डीलरचा विमा ५२,००० चा, बाहेरचा ३६,००० चा आणि डीलरची सूट २५,००० ची. तर खरी सूट ९,००० ची. आता हाच हिशेब मॅनेजरसमोर मांडा आणि विमा ४०,००० वर आणायला सांगा. बऱ्याचदा येतो, कारण विमा त्याच्याकडेच राहतो.

पूर्वी मी सरसकट सांगायचो, विमा बाहेरचाच घ्या. तेव्हाचा मी आजच्या मला म्हणेल, तू मॅनेजरला शरण गेलास. पॅकेज मान्य करणारे आहेत म्हणून पॅकेज चालतं. खरंय. पण समोर बसलेल्या माणसाने ९,००० रुपये तत्त्वासाठी सोडावेत, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि ओन डॅमेज विमा दुसऱ्या वर्षी बदलता येतोच. यावर माझं माझ्याशी अजून जमलेलं नाही.

कर्जाचंही असंच. ७ लाख, पाच वर्षं: डीलरमार्फत ९ ऐवजी साडेनऊ टक्के लागले तर सुमारे १०,२०० रुपये जास्त जातात. आपल्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात असू द्या. जुन्या गाडीची किंमत आधी बाहेर काढा. ३०,००० चा एक्सचेंज बोनस देऊन गाडीच ४०,००० ने कमी धरण्याची पद्धत जुनी आहे.

दसरा-पाडव्याला भाव करायला जाऊ नका, तेव्हा गिऱ्हाईक रांगेत असतं. महिनाअखेर बरी. डिसेंबरची सूट मोठी दिसते, पण आरसीवर संपत आलेलं वर्ष छापलं जातं आणि विकताना ते वजा होतं. सात-आठ वर्षं गाडी ठेवणाऱ्याला फारसा फरक नाही, तीन वर्षांत बदलणाऱ्याला आहे.

आणि पूर्ण पैसे भरण्याआधी, नोंदणीच्याही आधी, चासिस नंबर घेऊन यार्डात गाडी बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी धरून.