तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ कामालाच का नाही लावत त्यांना?

मी इथे जर्मनीत संध्याकाळी रेफ्युजी मुलांचा ट्रेनिंगचा अभ्यास घेते हे कळलं की पुण्याहून फोनवरसुद्धा हेच विचारतात, अगं त्यांना पैशांची नड असते, मग तीन-तीन वर्षं शिकायला कशाला बसवता, सरळ कामाला लावा ना.

बरोबर आहे विचारणं. 2025 ला इथे कमीत कमी मजुरी तासाला 12.82 युरो होती, म्हणजे गोडाऊनमध्ये फुल टाइम खोकी उचलली तरी टॅक्स वगैरे कापायच्या आधी महिन्याला 2,200 च्या आसपास. आणि त्याच वर्षी आउसबिल्डुंग सुरू केलं, म्हणजे कंपनीत काम आणि आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, तर पहिल्या वर्षी किमान स्टायपेंड महिन्याला 682 युरो. माझ्याकडे येणारा अफगाण मुलगा 22 वर्षांचा आहे, हीटिंगचं काम शिकतोय, तिकडे आई आणि दोन बहिणी त्याच्या पैशांवर आहेत. हा हिशोब त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

तरी मी ट्रेनिंगच करा म्हणते, कारण मंदी आली की खोकी उचलणारा सगळ्यात आधी घरी बसतो. शिवाय कागदांचं आहेच. ज्यांचा आश्रयाचा अर्ज नाकारलाय त्यांच्यासाठी 2016 पासून 3+2 म्हणतात तो नियम आहे, अटी पाळल्या तर ट्रेनिंग संपेपर्यंत राहता येतं आणि पास होऊन त्याच कामात नोकरी लागली तर पुढे 2 वर्षांचा परवाना मिळतो.

पण खरी अडचण वेगळीच आहे, ती भाषेची, आणि ती सुद्धा बाजारातली नाही, परीक्षेतली. हा मुलगा पाइप असा जोडतो की त्याचा मास्टर खूश असतो, आणि पेपरात नापास! मी उत्तरपत्रिका बघितली तेव्हा कळलं, प्रश्नात 'नेनन' म्हणजे फक्त नावं लिहा, तिथे त्याने अर्धं पान भरलेलं, आणि 'बेग्र्युंडन' म्हणजे कारण द्या, तिथे एकच शब्द. त्याला सगळं येत होतं हो. मला इतकं वाईट वाटलं, कारण हे त्याला कोणी दहा मिनिटं शेजारी बसून सांगितलंच नव्हतं. वर दर आठवड्याला काय काम केलं त्याची वही लिहायची, ती पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत.

म्हणून तुम्ही इकडे असाल आणि जर्मन बरं असेल तर आठवड्याला दोन तास द्या, पाइपातलं काही कळायची गरज नाही, मलाही कळत नव्हतं.

शुक्रवारी त्याचा पेपर आहे परत. आज फक्त क्रियापदं करणार आहोत.