कोतेलपुढे, खुर्च्यांच्या मागे

जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, म्हणजे ज्यूंच्या पवित्र कोतेलला, बायकांच्या वाट्याला पुरुषांपेक्षा कितीतरी चिंचोळी जागा आलीय, आणि सुक्कोतच्या, म्हणजे त्यांच्या मांडवांच्या सणाच्या, दिवसांत ते फारच बोचतं. मधल्या आडोशाला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी चढून पलीकडे डोकावतंय. माझी उंची जेमतेम पाच फूट. मला दिसत होत्या पाठी, डोक्यावरचे रुमाल आणि पायावरून जाणाऱ्या बाबागाड्या. कोपराने वाट काढण्यात तिथल्या आज्या दादर स्टेशनलाही हार जाणार नाहीत.

निमित्त होतं बिर्कत कोहनीमचं, म्हणजे पुरोहितांच्या आशीर्वादाचं. वल्हांडण आणि सुक्कोत, यांतल्या प्रत्येक सणाच्या मधल्या दिवसांत मोशेचा भाऊ आहरोन याच्या वंशातले कोहेन, म्हणजे पुरोहित, मोठ्या संख्येने इथे जमतात आणि लोकांना सामुदायिक आशीर्वाद देतात. वचनं तीनच, मूळ हिब्रूत सगळे मिळून 15 शब्द.

पलीकडून "कोहनीम!" अशी हाक आली, आणि इतका वेळ बघण्यासाठी भांडणाऱ्या बायकांनी चक्क माना खाली घातल्या. काहींनी डोळ्यांवर हात धरले. माझ्या पुढची खुर्चीवरची बाई तर खाली उतरून प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड खुपसून उभी राहिली. आशीर्वाद देताना कोहेनांच्या हातांवर शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, उतरतं अशी श्रद्धा. म्हणून तिकडे बघायचं नाही. ते स्वतःही तल्लीथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, डोक्यावरून ओढून घेतात.

मी वारकऱ्यांच्या घरातली. आमच्याकडे विठोबासमोर तासन्‌तास रांगेत उभं राहायचं ते मुखदर्शनासाठी, आणि पुढे ढकललं तरी मान वळवून बघायचं. इथे देव आला म्हणतात आणि सगळे डोळे मिटतात! मला आधी जरा रागच आला. मग कानावर एकेक शब्द यायला लागला, आधी सांगणाऱ्याचा, मागून शेकडो गळ्यांचा. बघायचंच नाही म्हटल्यावर पुढची जागा काय नि मागची काय! सकाळपासून पहिल्यांदाच मला कुणी ढकलत नव्हतं. देव होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या काही मिनिटांत मला एकटं वाटलं नाही, एवढं खरं. संपल्यावर पुन्हा खुर्च्या, पुन्हा कोपरं.

परतीची बस खच्चून भरलेली. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

मुक्काम अश्दोदला, मूळच्या रेवदंड्याच्या एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मावशींकडे. गच्चीतल्या मांडवात, झावळ्यांतून आभाळ दिसेल अशा छपराखाली, जेवताना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मावशी नारळाच्या दुधातलं मटण वाढत होत्या.

"एवढ्या गर्दीत कशाला गं जायचं? आमचा एलियाहू हन्नबी बघ, एवढा मोठा संदेष्टा, पण मलिदा केला की घरी येतो."

"तो तरी दिसतो का, मावशी?"

"तुला काय दिसण्याचंच पडलंय? जेव आधी."