टार्गेट ईएस५ असूनही पान कोरं

आजचा दिवस जुन्या ब्राउझरच्या मागे गेला. टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणारी भाषा) कंपाइल होताना एकही एरर नाही, टार्गेट, म्हणजे कोणत्या आवृत्तीची जावास्क्रिप्ट तयार करायची ती सेटिंग, जुन्या ईएस५ वर, आणि तिकडे पान कोरं. जुना फोन वापरणाऱ्या माणसालाही फॉर्म भरता यायलाच हवा, म्हणून चिकटून बसले.

कारण निघालं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधायचं सूत्र. ईएस२०१८ मधलं लुकबिहाइंड (जुळणीच्या आधी काय आहे ते तपासणारा भाग) थेट लिटरलमध्ये, म्हणजे कोडमध्येच पॅटर्न म्हणून, लिहिलेलं होतं. कंपायलर तो पॅटर्न जसाच्या तसा पुढे देतो, आणि ज्या ब्राउझरला तो कळत नाही, तो अख्खी फाइल पार्स करायलाच, म्हणजे वाचून समजून घ्यायलाच, नकार देतो. त्याच फाइलमधल्या, चालताना आलेली एरर पकडणाऱ्या ट्राय-कॅचचाही उपयोग नाही, कोड चालायला सुरुवातच होत नाही ना! कॅप्चर ग्रुप (जुळलेला भाग वेगळा काढून देणारा कंस) वापरून पॅटर्न नव्याने लिहिला.

पान उघडलं, तर ॲरेवरची (यादीवरची) ईएस२०२२ मधली, क्रमांकावरून घटक देणारी ॲट मेथड सापडेना. नव्याने येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते: टार्गेट बदलल्याने सिंटॅक्स बदलतो, मेथड आपोआप येत नाहीत. कॉन्फिगमधलं लिब (कोणत्या मेथड आहेत असं कंपायलरने धरायचं ते सांगणारी सेटिंग) फक्त टाइप तपासण्यापुरतं. मेथड खरोखर हवी तर कोअर-जेएससारखं पॉलिफिल, म्हणजे ब्राउझरमध्ये नसलेली मेथड भरून देणारा कोड, घालावं लागतं. ते घातलं.

आता बिल्डनंतर जुन्या ब्राउझरवर चाचणी आपोआप चालेल, अशी सोय उद्या करतेय.