चर्चची प्रकाशयोजना: दिवे टांगले, पत्ते दिले, आता ईस्टरची तयारी

वेदीवरचे सगळे दिवे टांगून झाले, दिव्यांना हुकूम पोहोचवणारी डीएमएक्सची केबल ओढून झाली आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीचं प्रोग्रॅमिंग निम्म्याहून जास्त उरकलं. काम कुठवर आलं ते सविस्तर लिहितोय, कारण नाटकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या प्रकाशयोजनेपेक्षा इथले प्रश्न बरेच वेगळे निघाले.

दोन अटी सुरुवातीपासून ठरवून घेतल्या होत्या. उजेड बदलतोय हे मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना कोणाच्या लक्षात येता कामा नये. लोक प्रार्थनेला आलेले असतात. आणि दिवे चालवणारा स्वयंसेवक दर रविवारी वेगळा असतो, त्यामुळे ज्याने फेडर (उजेड कमी-जास्त करायची सरकपट्टी) कधी हातात धरलेला नाही त्यालाही हे पाच मिनिटांत समजलं पाहिजे. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन अटींवर पारखून घेतलाय.

आधी समोरचे दिवे. रंगीत भिंतीचा मोह सगळ्यांनाच होतो, पण खरं काम समोरच्या उजेडाचं आहे. मागच्या बाकावर बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला बोलणाऱ्याचे ओठ दिसले की अर्धं वाक्य आपोआप कळतं. कोनासाठी मी स्टॅन्ली मॅककँडलेस यांची १९३०च्या दशकापासून वापरात असलेली पद्धत घेतली: प्रत्येक जागेवर डावीकडून एक आणि उजवीकडून एक दिवा, दोन्ही बाजूला ४५ अंश आणि वर ४५ अंश. मूळ पद्धतीत एक दिवा उबदार आणि दुसरा थंड रंगाचा असतो. तो भाग मी सोडून दिला. फादरांच्या पांढऱ्या वस्त्रावर दोन छटा लगेच वेगळ्या दिसतात, एक खांदा पिवळट आणि एक निळसर. दोन्हीकडून एकच उबदार पांढरा ठेवला.

कोनाचा हिशोब सोपा आहे. वाचकाचा चेहरा जमिनीपासून १.६ मीटरवर आणि दिवा ५.६ मीटरवर असेल, तर उंचीतला फरक ४ मीटर. म्हणजे दिवा आडव्या अंतरातही ४ मीटरवर हवा. तोच दिवा सोयीसाठी ८ मीटर मागे नेला की कोन २७ अंशांच्या आसपास येतो, उजेड थेट डोळ्यांत जातो आणि वाचकाची सावली मागच्या भिंतीवर, अगदी क्रूसापर्यंत चढते. शिवाय चेहऱ्यावर पोहोचणारा उजेड आधीच्या ४० टक्केच उरतो. आमच्याकडे जुना पाइप सोयीच्या जागी होता, तरी नवीन ब्रॅकेट लावून घेतले ते यासाठी. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी वायर आहे. खाली माणसं बसतात, तिथे यात तडजोड नाही.

वाचनमंचाने मात्र चांगलंच कामाला लावलं. चाचणीच्या वेळी वाचनाच्या गटातल्या एक काकू उभ्या राहिल्या. चेहरा छान उजळला होता, पण त्या म्हणाल्या, “दादा, मी सगळ्यांना दिसतेय, पण मला अक्षर दिसत नाहीये.” कारण भूमितीत आहे. वाचनमंचाचं पान वाचकाकडे कललेलं असतं, म्हणजे समोरच्या दिव्यांकडे त्याची पाठ. पानाचा उतार ३० अंश असेल तर आमच्या कोनातून येणाऱ्या उजेडाचा जेमतेम तिसरा हिस्सा पानावर पडतो; उतार ४५ अंश असेल तर सातवा. समोरचे दिवे वाढवून हे सुटत नाही, वाचकाचे डोळे तेवढे दिपतात. उपाय म्हणजे वाचकाच्या मागून, वरून, अरुंद झोताचा एक दिवा थेट पानावर. तो थोडासा खांद्यांवर आणि केसांवरही पडतो, त्यामुळे माणूस मागच्या भिंतीपासून सुटा दिसतो आणि कॅमेऱ्यातही चित्र चांगलं येतं. असा एक दिवा जास्तीचा धरूनच आखणी करावी, असं माझं आता पक्कं मत झालंय.

केबलबद्दल थोडक्यात. डीएमएक्स ५१२ हा संकेत १९८६ सालचा, अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्राच्या यूएसआयटीटी या संस्थेने तयार केलेला, आणि अजून सगळीकडे तोच चालतो. एका लाइनवर ५१२ चॅनल, म्हणजे दिव्यांना पाठवायचे ५१२ वेगळे आकडे, प्रत्येकाची किंमत ० ते २५५, वेग सेकंदाला अडीच लाख बिट. सगळे ५१२ चॅनल पाठवले तर सेकंदाला सुमारे ४४ वेळा ताजी माहिती जाते. चूक तपासायची सोय या संकेतात नाही, म्हणूनच केबल नीट असावी लागते. आमच्या लाइनीच्या टोकाकडचे दोन दिवे मधूनच लुकलुकत. जवळचे दिवे ठीक, लांबचे बिघडलेले, हे लक्षण दिसलं की टोकाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचा संशय घ्यावा. शेवटच्या दिव्यात पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १२० ओमचा रोध घातलेला प्लग लावला आणि लुकलुक थांबली. माइकची जुनी केबल पण काढून टाकली. प्लग सारखाच बसतो, पण तिचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) डीएमएक्सला लागणाऱ्या ११०-१२० ओमशी जुळत नाही. वेदी आणि क्वायरचा (गायकवृंदाचा) माळा अशा दोन फांद्या हव्या होत्या, म्हणून मधे ऑप्टिकल आयसोलेशन असलेला स्प्लिटर बसवला. नुसत्या दुभागणाऱ्या वाय-केबलने फांदी काढू नये. स्प्लिटरमुळे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने एकमेकींपासून वेगळ्या राहतात.

पत्ता म्हणजे दिव्याचा पहिला चॅनल. पत्ते देताना चॅनल काटकसरीने वापरायची गरज नाही. माझे रंगीत पार (भिंतीवर रंग टाकणारे एलईडी दिवे) ८ चॅनलचे आहेत, पण पत्ते १०१, १११, १२१ असे दहा-दहाच्या अंतराने दिले. समोरचे दिवे १ पासून, भिंतीचे १०१ पासून, सभागृहाचे २०१ पासून. शिडीवर चढलेल्या माणसाने खालून ओरडून पत्ता विचारला तर कागद न बघता सांगता येतो. सभागृहाच्या दिव्यांची मुख्य वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेतली. बाहेर पडण्याच्या दारांवरचे आणि आणीबाणीचे दिवे या यंत्रणेला जोडलेच नाहीत, ते कायम स्वतंत्र राहणार.

दिवे चालवायचं सॉफ्टवेअर क्यूएलसी प्लस. मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, रास्पबेरी पायवरही. दिवा त्याच्या यादीत नसला तर फिक्स्चर एडिटरमध्ये चॅनलचा तक्ता भरून स्वतः तयार करता येतो. एका पारसाठी मला तसं करावं लागलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे व्हर्च्युअल कन्सोल, म्हणजे पडद्यावर आपली बटणं मांडायची जागा. रविवारच्या पडद्यावर मोजकीच मोठी बटणं आहेत: प्रवेश, वाचन, प्रवचन, वेदी, समारोप. ती सोलो फ्रेममध्ये ठेवली आहेत, त्यामुळे एक दाबलं की आधीचं आपोआप सुटतं आणि दोन दृश्यं एकमेकांवर चढत नाहीत. किऑस्क मोडमध्ये सुरू केलं की बाकीचे मेनू दिसतच नाहीत. स्वयंसेवकांपैकी जे संगणकाला बिचकायचे, ते आता आपणहून नाव देतात.

संगणक आणि डीएमएक्स यांच्यामधला यूएसबी इंटरफेस निवडताना घाई करू नका. अगदी साध्या इंटरफेसमध्ये स्वतःचा प्रोसेसर नसतो, सिग्नलची वेळ संगणकच सांभाळतो. तोच संगणक गीतांच्या स्लाइडही दाखवत असेल आणि थेट प्रक्षेपणही करत असेल तर वेळ हुकते आणि दिवे थरथरतात. ज्याच्यात स्वतःचा मायक्रोकंट्रोलर आहे तो घ्यावा, आणि जमलं तर दिव्यांचा संगणक वेगळाच ठेवावा.

आता मला सर्वात जास्त जीव लावायला लावणारी गोष्ट: सावकाश फेड. ० पासून पूर्ण उजेडापर्यंत ४० सेकंदांत जायचं ठरवलं तर २५५ पायऱ्या, म्हणजे दर पायरीला साधारण ०.१६ सेकंद. वरच्या टोकाला २०० वरून २०१ म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक, डोळ्याला कळतही नाही. खाली १ वरून २ म्हणजे उजेड थेट दुप्पट, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ती प्रत्येक पायरी धक्क्यासारखी दिसते. एलईडी हुकमाबरोबर लगेच उडी मारतो. हॅलोजनची तार तापायला-निवायला वेळ घेते, त्यामुळे जुन्या दिव्यांत या पायऱ्या आपोआप पुसल्या जात.

यावर दोन गोष्टी केल्या. समोरच्या दिव्यांना १६ बिट डिमरचा मोड आहे, त्यात एकाऐवजी दोन चॅनल लागतात पण पायऱ्या ६५,५३६ होतात. भिंतीच्या पारना तो मोड नाही, पण त्यांच्या मेनूत डिमर कर्व्ह (फेडर किती वर गेला की उजेड किती वाढतो ते ठरवणारा वक्र) आहे. तो सरळ रेषेवरून वर्गाच्या वक्रावर टाकला की फेडर १० टक्क्यांवर असताना उजेड एकच टक्का असतो, म्हणजे खालच्या भागात बारीक फरक करायला भरपूर जागा मिळते. आणखी एक. हॅलोजन मंद होताना तांबूस होत जातो, एलईडी नाही होत. त्याचा मंद पांढरा मेणबत्तीशेजारी राखाडी वाटतो. म्हणून कमी उजेडाच्या दृश्यांत समोरच्या पांढऱ्याबरोबर पारमधून थोडा अंबर (पिवळसर नारिंगी) मिसळला. हे प्रमाण कानाकोपऱ्यात बसून, डोळ्यांनी बघूनच ठरवावं लागतं.

हे सगळं मुख्यतः ईस्टरच्या जागरणविधीसाठी. तो विधी अंधारातच सुरू होतो. बाहेर नवा अग्नी पेटतो, पास्काची मेणबत्ती आत येते, वाटेत तीनदा “ख्रिस्ताचा प्रकाश” अशी घोषणा होते, लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या एकमेकींवरून पेटत जातात. तिसऱ्या घोषणेनंतर चर्चमधले दिवे लागतात, वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी पेटतात. पूर्वी इथे कोणीतरी स्विचबोर्डापाशी उभं राहून खटाखट बटणं दाबायचं आणि लोक डोळे मिचकवायचे. आता यासाठी क्यू लिस्ट, म्हणजे क्रमाने येणाऱ्या दृश्यांची यादी, केली आहे. पहिला क्यू पूर्ण अंधार. तिसऱ्या घोषणेवर सभागृह ४० सेकंदांत ३५ टक्क्यांवर, म्हणजे हातातल्या मेणबत्त्यांचा उजेड झाकला जाणार नाही पण पायऱ्या दिसतील. जुन्या करारातल्या वाचनांच्या वेळी फक्त वाचनमंच. ग्लोरियाला घंटा वाजतात तेव्हा वेदी आणि सभागृह १२ सेकंदांत पूर्ण. आकडे फादरांबरोबर रिकाम्या चर्चमध्ये बसून ठरवले. ४० सेकंद त्यांनी सुचवले, मी २०वर होतो, आणि बघितल्यावर त्यांचंच बरोबर वाटलं. क्यू पुढे नेणारा माणूस घड्याळाकडे नाही, विधीकडे बघत बटण दाबणार आहे.

उपासनेच्या वर्षाचे रंग, म्हणजे नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीच्या लेंटचा जांभळा, नाताळ आणि ईस्टरचा पांढरा, पेंटेकॉस्टचा लाल, सामान्य काळाचा हिरवा, फक्त मागच्या भिंतीवर आणि तेही मंद. चेहऱ्यावर किंवा वस्त्रांवर रंगीत उजेड येऊ देत नाही. लाल वस्त्रावर हिरवा उजेड पडला तर ते काळपट दिसतं, आणि ज्या रंगाला अर्थ आहे तो बिघडवणं मला पटत नाही.

कॅमेऱ्यासाठी एवढंच: व्हाइट बॅलन्स समोरच्या दिव्यांच्या कलर टेम्परेचरवर कायम करून ठेवा, ऑटोवर नको, नाहीतर भिंत जांभळी झाली की फादर पिवळे होतात. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिव्याच्या मेनूत पीडब्ल्यूएमची (एलईडी झरझर चालू-बंद करून उजेड कमी करायच्या पद्धतीची) वारंवारता वाढवायची सोय आहे का ते बघा.

संगणक मधेच बंद पडला तर काय, हा प्रश्न फादरांनी पहिल्याच बैठकीत विचारला होता. प्रत्येक दिव्याच्या मेनूत, सिग्नल गेला तर काय करायचं, हे ठरवता येतं. सगळे दिवे शेवटची स्थिती धरून ठेवण्यावर लावलेत. केबल ओढून काढून पाहिली, वेदी उजळलेलीच राहिली. त्याशिवाय फेडरांचा एक लहान हाती डेस्क मर्जरमधून त्याच लाइनीवर जोडला आहे. मर्जर दोन्हींपैकी जी किंमत जास्त असेल ती पुढे पाठवतो, त्यामुळे संगणक गोठला तरी डेस्कचा फेडर वर केला की उजेड वाढतो. क्यूएलसी प्लसमधल्या सगळ्या प्रोग्रॅमिंगची, म्हणजे वर्कस्पेसची, फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून तो डेस्कच्याच खणात ठेवला आहे.

राहिलेलं काम: क्वायरच्या माळ्यावरची दुसरी फांदी अजून तात्पुरत्या केबलवर आहे. तिथे डीएमएक्सची लांब केबल ओढण्याऐवजी नेटवर्कवरून एसएसीएन (डीएमएक्सची माहिती नेटवर्कवरून नेणारा संकेत) नेऊन माळ्यावर नोड (तिचं परत डीएमएक्स करणारा डबा) बसवायचा विचार आहे, पण प्रक्षेपणाचं ट्रॅफिकही त्याच स्विचवर आहे आणि मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांकडे जाणारी माहिती) तिथे नीट आवरलं जाईल की नाही हे आधी तपासायचंय. असं कोणी दोन्ही एकाच स्विचवर चालवत असेल तर आयजीएमपी स्नूपिंगची (स्विचने मल्टिकास्ट हवं तिथेच पाठवायच्या सोयीची) मांडणी कशी केली ते जरूर सांगा.