आमच्या फुटबॉल संघाचे यंदाचे पराभव

यंदाच्या हंगामात आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला एकही सामना जिंकता आला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बसथांब्यावर आणि चहाच्या टपरीवर "पोरांचा दम कमी पडला" असा निकाल देऊन सगळे मोकळे झाले आहेत. संघासोबत प्रत्येक सामन्याला गेलेला प्राध्यापक म्हणून मला तो मान्य नाही.

दम या मुलांमध्ये भरपूर आहे. त्यांच्यापैकी बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करतात आणि पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावण्याचा सराव करतात. परंतु एका लयीत सरळ धावणे वेगळे, आणि झेप घेणे, थांबणे, वळणे हे ९० मिनिटे करत राहणे वेगळे. नागपुरात आणि १८२१ साली लष्करी छावणी म्हणून वसलेल्या कामठीत मुले लहानपणापासून फुटबॉल खेळत वाढतात. आमच्याकडे चेंडू पायाला लागतो तोच मुळी अकरावीत. आमचा डावा बॅक धावण्यात कोणालाही मागे टाकत असे, पण समोरचा खेळाडू एकदम आत वळला की याला वळायला दोन पावले जास्त लागत आणि तेवढ्यात फटका गोलकडे गेलेला असे.

याचे मूळ मैदानात आहे, असे मला ठामपणे वाटते. आमचे मैदान निव्वळ काळ्या मातीचे आहे. पावसाळ्यात ती फुगते, बुटांना तिचे थर चिकटतात आणि चेंडू पुढे सरकत नाही. पाऊस सरला की तीच माती आकसून भेगाळते आणि भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. त्यामुळे मुलांना चेंडू जमिनीलगत देण्याऐवजी उंच मारण्याची सवय लागली, आणि असे चेंडू शहरातले उंचेपुरे बॅक डोक्याने सहज परतवत.

त्यात सामने सोयाबीनच्या सोंगणीत सुरू झाले आणि कापसाची वेचणी जोरात असताना संपले. मजूर मिळत नसताना घरच्या धडधाकट मुलाला सरावासाठी सोडा, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? एका सामन्याच्या सकाळी आमचा गोलकीपर एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या पँटचे पायचे चिखलाने भरलेले होते आणि बोटांची कातडी पाण्याने सुरकुतली होती. "सर, रातची लाईन होती, हरबऱ्याले पानी देत होतो," एवढेच तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही चार गोलांनी हरलो, पण त्यानेच एक पेनल्टी उजवीकडे झेपावून अडवली.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण आपल्या वाट्याला येणार नाही, हे या मुलांना पक्के ठाऊक होते. तरीही शेवटच्या सामन्यापर्यंत एकानेही संघ सोडला नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता उन्हाळ्यात मैदानावर चाळलेला बारीक मुरूम पसरून रोलर फिरवायचा आहे. प्राचार्यांनी त्यास होकार दिला आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, त्यांनी मृगाचा पाऊस येण्यापूर्वी एक-दोन खेपा टाकून द्याव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.