अबोल्याला जागा लागते

"सरक जरा."

व्हॅनमध्ये राहायला आल्यापासून आम्ही नवरा-बायको एकमेकांशी सगळ्यांत जास्त हेच बोलतो. पलंग तोच सोफा, सोफा तोच माळा, आणि त्याच्या पोटात दोर, कमरेला बांधायचे हार्नेस, दोर अडकवायचे क्विकड्रॉ, हेल्मेटं आणि क्लाइंबिंगचे बूट. बुटांच्या वासाबद्दल पुन्हा कधीतरी. आम्ही कातळ चढत गावोगाव फिरतोय असं लोकांना सांगतो, पण खरा हिशोब मांडला तर हात कातळाला लागतात दिवसाचे दोन-तीन तास. उरलेला वेळ वस्तू इकडच्या तिकडे ठेवण्यात जातो. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे, आणि ती नेहमी दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या मागे असते.

बाकी संसार ठीक चाललाय. रात्रभर दोन माणसांचा श्वास गार पत्र्यावर जमतो आणि पहाटे एकेक थेंब कपाळावर येतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते. बोट कुणाचं, यावर मतभेद आहेत. हाताचा घाम टिपणारा चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, जिम्नॅस्ट लोकांकडून कातळावर आणला तो जॉन गिल या अमेरिकन क्लाइंबरनं, १९५०च्या दशकात. माझ्या उशीवर तो कोण आणतं हे मला ठाऊक आहे, पण तो कबूल करत नाही.

अडचण भांडणाची नाही. भांडायला व्हॅन पुरते. अडचण भांडणानंतरची आहे. अबोला धरायचा म्हणजे दुसरी खोली हवी, आपटायला दार हवं, आत जाऊन आदळआपट करायला चार भांडी हवीत. आमचं दार सरकतं. कितीही रागानं ओढा, ते आपल्या गतीनं घरंगळत जातं आणि नम्रपणे ‘खट्’ म्हणतं. पाठ फिरवून झोपावं तर पाठीला पाठ लागते, आणि लागलेली पाठ म्हणजे निम्मा समेटच. पावसाळी दिवशी तर विचारू नका. वालुकाश्म भिजला की ठिसूळ होतो, पकडायचे होल्ड हातात निघून येतात, म्हणून पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस कातळाला हात लावायचा नाही. एवढा वेळ दोन माणसं एका डब्यात एकमेकांचे गुडघे बघत बसतात.

अशा वेळी मला ते दोघं आठवतात. टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्गेसन, हे अमेरिकन क्लाइंबर. २७ डिसेंबर २०१४पासून ते कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत, एल कॅपिटन या कातळाच्या डॉन वॉलवर १९ दिवस राहिले. साधारण ९०० मीटरची सरळ भिंत, आणि झोपायला तिच्यावर टांगलेली कापडी खाट. जॉर्गेसन पंधराव्या पिचवर, म्हणजे चढाईच्या पंधराव्या टप्प्यावर, अडकला. पुन्हा पुन्हा पडायचा, बोटांची कातडी फाटायची, मग ती भरून यायची वाट बघत बसायचं. कॉल्डवेल ती पिच चढून पुढे गेला होता, तरी तो जोडीदारासाठी थांबला. १४ जानेवारी २०१५ला दोघं मिळूनच माथ्यावर पोचले. सगळ्यांना यात मैत्री दिसते, ती आहेच. मला मात्र वाटतं, त्या खाटेवर एखाद्या रात्री एकाला दुसऱ्याचा राग आला असेल तर त्यानं काय केलं असेल? तिथं तर सरकतं दारसुद्धा नव्हतं.

आमचा परवाचा अबोला हेडलॅम्पवरून झाला. दोन होते, एक बिघडला, उरलेला सापडेना. "तू ठेवलास." "तूच शेवटचा वापरलास." मग त्यात मागच्या महिन्यातल्या पाण्याच्या कॅनचा विषय निघाला, तिथून त्याच्या आईचा, आणि साडेआठला आम्ही अंधारात गप्प झालो.

सकाळी हवा सुंदर होती, त्यामुळे जाणं भाग होतं. आता गंमत अशी, की दोराला बांधल्यावर अबोला चालत नाही. निघण्याआधी एकमेकांची तपासणी करावीच लागते. मी न बोलता त्याची आठाची गाठ ओढून पाहिली, त्यानं न बोलता माझ्या बिले उपकरणाची, म्हणजे खालून दोर धरून ठेवायच्या साधनाची, कडी आवळली. पण पुढं तोंड उघडावंच लागलं. "ऑन बिले?" "ऑन बिले." "क्लाइंबिंग." पाच-सहा शब्दांची ही भाषा. स्लॅक म्हटलं की ढील द्यायची, टेक म्हटलं की दोर ताणून धरायचा. तिच्यात टोमणा मारायची सोयच नाही. मी प्रयत्न केलाय. ‘स्लॅक’ कितीही कडवटपणे दिला तरी तो स्लॅकच असतो.

तो कातळात ठोकलेल्या चौथ्या बोल्टच्या वर गेला. बिले देणाऱ्याला जोडीदाराची मागची बाजूच दिसते, आणि तिथंच, चॉकच्या पिशवीशेजारी, हार्नेसच्या मागच्या लूपला हेडलॅम्प लटकत होता. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणी आठवलं. आदल्या संध्याकाळी पायवाटेनं उतरताना मी त्याच्या मागे होते, हातात दोर होता, खिसे भरलेले होते, आणि तो लॅम्प तिथं मीच अडकवला होता.

सांगावं का? पण त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या, आणि अशा वेळी वरच्या माणसाशी गप्पा मारायच्या नसतात. निदान मी स्वतःची अशी समजूत घातली. तेवढ्यात त्याचा पाय सटकला.

तो माझ्यापेक्षा वीस किलोंनी जड आहे. असा माणूस पडला की खालचं हलकं माणूस वर उचललं जातं. दोरही ताणतो. तो तसाच बनवलेला असतो, प्रमाणित चाचणीतल्या पहिल्या पडण्याला ४० टक्क्यांपर्यंत ताणला गेलेला चालतो, म्हणूनच आपली हाडं शाबूत राहतात. तर तो खाली आला, मी वर गेले, आणि पहिल्या बोल्टजवळ हवेत आम्ही समोरासमोर आलो. काल साडेआठनंतर पहिल्यांदाच नजरेला नजर मिळाली. दोघंही हळूहळू गोल फिरत होतो.

"आलीस?" तो म्हणाला.

"हेडलॅम्प सापडला," मी म्हटलं.

"कुठं?"

"आधी खाली तर चल."