पिटातलं वर्ष

यंदा मला जे सगळ्यात जास्त भावलं ते मी उभ्यानं पाहिलं. आजोबा जुन्या संगीत नाटकांबद्दल बोलायला लागले की ‘पिटातले प्रेक्षक’ हा शब्द हमखास यायचा. सगळ्यात स्वस्त तिकीट काढणारे, पण नट वचकून असत ते त्यांनाच. तो पिट मला लंडनमध्ये थेम्सच्या काठी सापडला.

शेक्सपिअरचं मूळ ग्लोब थिएटर १५९९चं. १६१३मध्ये प्रयोग चालू असताना तोफ उडवली, ठिणगी गवती छपराला लागली आणि सगळं जळून गेलं. आजचं गोल, लाकडी थिएटर १९९७मध्ये सुरू झालं. सॅम वानामेकर या अमेरिकी नटानं त्यासाठी कितीतरी वर्षं घालवली, आणि १९९३मध्ये तो गेला. तिथे उभी असताना मला दर वेळी त्याची आठवण येते.

रंगमंचाला लागून उघडं अंगण आहे. अगदी थोड्या पैशांत तिथे शिरता येतं. बसायचं नाही, छत्री उघडायची नाही. ऑगस्टमधल्या त्या दुपारी जहाज फुटून ताटातूट झालेल्या जुळ्या भावंडांचं नाटक होतं. माझे कोपर रंगमंचाच्या कडेवर. इथे प्रेक्षकांवर अंधार करत नाहीत. आपल्याला नट दिसतो तसे आपणही त्याला दिसतो. बहीण झालेली नटी एक वाक्य सरळ माझ्याकडे बघून बोलली. शेवटी भाऊ-बहीण एकमेकांना ओळखतात तेव्हा पाऊस सुरू झाला होता, पण अंगणातलं कुणी हललं नाही. माझा भाऊ नाशिकला, दोन वर्षांत भेट नाही. चेहऱ्यावर पाऊस होता ते बरं झालं.

सिनेमे यंदा कमीच पाहिले. वॉटर्लू पुलाजवळच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या (बीएफआय) चित्रपटगृहात ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला, आणि बाहेर पुलाखाली मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या टेबलांवरून काहीही न घेता परतले. त्या दिवशी दुसरं काही वाचावंसंच वाटेना.

वाचलं ते मुख्यतः एकच पुस्तक, सावकाश: लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. वेम्ब्ली पार्कला गाडीत बसलं की फिंचली रोडपर्यंत उजेड, पुढे बोगदा आणि लक्ष्मीबाई. शाळेत धडा होता तेव्हा त्यातली गंमत तेवढी कळली होती. १८९५मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि या बाईंच्या पायाखालची जमीनच गेली, ते आत्ता परक्या गावात वाचताना पोटात कालवलं. एवढं होऊनही भाषेत कडवटपणाचा लवलेश नाही. माझं उतरायचं स्टेशन दोनदा चुकलं.

आणि प्रॉम्स. १८९५मध्येच सुरू झालेला हा संगीताचा उन्हाळी उत्सव १९४१पासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरतो, कारण आधीचं क्वीन्स हॉल बॉम्बहल्ल्यात पडलं. इथेही उभ्यानं ऐकणाऱ्यांना तिकीट स्वस्त. मी गेले ती अगदी वर, घुमटाखालच्या गॅलरीत. बघते तर लोक चादरी पसरून बसलेले, काही चक्क आडवे, डोळे मिटून. मला एकदम डिसेंबरातलं पुणं आठवलं, सवाई गंधर्वची भारतीय बैठक, शाल, शेजारच्यांच्या डब्यातली चकली.

बेथोव्हनची नववी सिम्फनी होती. तिसऱ्या भागात, तो संथ भाग, मला उभं राहवेना. शेजारच्या पिकल्या केसांच्या बाईंनी न बोलता चादरीचा कोपरा सरकवून दिला. मी बसले. नकळत मांडीवर ताल धरत होते, त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. शेवटच्या भागात गायकवृंद उठला तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.